ताईच्या फोटोत मी

माझी मोठी बहीण चित्रकार आहे. साधीसुधी नव्हे, अतिवास्तववादी. हा शब्द मी शक्यतो चारचौघांत काढत नाही, कारण तो काढला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नक्की काय काढतात त्या?" मग मला सांगावं लागतं की परवा तिनं एक बस काढली, बसच्या प्रत्येक खिडकीतून एकेक फणस बाहेर बघतोय आणि कंडक्टरच्या जागी आमचे मोठे काका उभे आहेत. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस हळूच विचारतो, "बाकी तब्येत बरी आहे ना त्यांची?"

तब्येत उत्तम आहे. चित्रकलेच्या कॉलेजात तिनं आयुष्यभर शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर बिबवेवाडीत आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावरचा फ्लॅट घेतला. मी विमा कंपनीच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो आणि हेडक्लार्क म्हणून बाहेर पडलो. आम्ही दोघं एकाच आईची मुलं आहोत यावर ऑफिसात कुणाचा विश्वास बसत नसे. माझाही कधी कधी बसत नाही.

चित्रं लोकांसाठी आणि फोटो स्वतःसाठी, असा ताईचा नियम आहे. चित्रं प्रदर्शनात जातात. फोटो तिच्या लोखंडी कपाटाच्या दारांना आतून चिकटवलेले असतात, जसे काही जण देवांचे चिकटवतात. ते ती कुणाला दाखवत नाही. आणि त्या फोटोंत, तिच्याखालोखाल जर कुणी जास्त असेल, तर तो मी आहे.

सुरुवात पडवळापासून झाली. मी निवृत्त झालो त्याच आठवड्यातली गोष्ट. ताईनं वर बोलावलं. मला वाटलं, सत्कार वगैरे करतेय. टेबलावर मंडईतून आणलेलं एक लांबलचक पडवळ होतं.

"पांढरा शर्ट आहे ना तुझा ऑफिसचा? तो घालून ये," ती म्हणाली.

मी घालून आलो. तिनं ते पडवळ माझ्या गळ्यात टायसारखं बांधलं. बांधलं म्हणजे वरच्या टोकाला सुतळी होती. ते पार पोटाखाली लोंबत होतं. मग तिनं मला खुर्चीत बसवलं, समोर ताटात टेलिफोनचा जुना रिसीव्हर ठेवला, बाजूला लिंबाची फोड आणि चटणी, आणि स्वतः माझ्या मागं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. फोटो काढायला माझ्या बायकोला वर बोलावलं होतं. बायको जिना चढून आली, दारात थांबली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "अहो, ते पडवळ भाजीचं होतं. मीच आणायला सांगितलं होतं."

"फोटो झाला की देते," ताई म्हणाली. दिलंही. रात्री आम्ही ते खाल्लं. बायको वाढताना म्हणाली, "टाय वाढू का अजून थोडा?"

त्या दिवसापासून हे सुरूच राहिलं. मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर छत्री उघडून वाचत बसलो. मी आणि ताई एकाच मोठ्या स्वेटरमध्ये दोन्ही बाजूंनी डोकी काढून उभे राहिलो. मला आरशासमोर बसवून माझी दाढी तिनं रंगाच्या ब्रशनं केली, साबणाच्या जागी दहीभात लावून. बायको न चुकता येऊन फोटो काढायची आणि न चुकता काहीतरी बोलून जायची. मी मात्र कधी काही विचारलं नाही. ऑफिसात साहेबांनी फाइल दिली की मी ती का म्हणून विचारत नव्हतो. तीच सवय इथं उपयोगी पडली.

हे सगळं आमच्या इमारतीच्या आत चाललं होतं तोवर ठीक होतं. ते बाहेर पडलं झेंडूमुळे.

आमच्या तळमजल्यावर राहणारे गृहस्थ मार्केट यार्डात फुलांचे आडते आहेत. शेतकऱ्यांचा माल त्यांच्या गाळ्यावर उतरतो आणि तिथून विकला जातो. नवरात्राच्या आधी एकदा ते जिन्यात बोलून गेले, "झेंडू एवढा आलाय, की माणूस बुडेल आत." हे वाक्य त्यांनी ताईसमोर म्हणायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं रिक्षानं मार्केट यार्डात पोचलो. ताईच्या अंगावर जांभळी पैठणी, हातात झाडांना पाणी घालायची पत्र्याची झारी. बायकोच्या खांद्याला पर्स आणि हातात मोबाइल. माझ्या हातात प्लास्टिकचं स्टूल. आडत्यांनी कोपऱ्यातला एक ढीग दाखवला. "बसा हवं तेवढा वेळ," ते म्हणाले आणि फोनवर ओरडत निघून गेले.

बेत असा होता की मी ढिगाच्या मधोमध स्टुलावर बसायचं, गळ्यापर्यंत झेंडू ओढून घ्यायचा, म्हणजे फक्त डोकं वर दिसेल. आणि ताई शेजारी उभी राहून माझ्या डोक्याला पाणी घालेल, जसं कुंडीतल्या रोपाला घालतात.

"शर्ट काढ," ताई म्हणाली.

मी बटणं सोडायला लागलो.

"कॉलर दिसली की ऑफिस दिसतं," ती आपणहून म्हणाली.

मी बनियनवर आत शिरलो. झेंडूच्या ढिगात कधी कुणी बसलं असेल असं वाटत नाही, म्हणून सांगतो. आत चांगलंच उबदार असतं. वास डोक्यात जातो. आणि फुलांबरोबर शेतातून आणखीही मंडळी आलेली असतात. ती आधी पाठीवर फिरतात, मग जिथं जायचं नाही तिथं जातात. हात फुलांखाली अडकलेले असल्यामुळे त्यांना अडवता येत नाही.

ताई लांब उभी राहून डोळे बारीक करून बघत होती. बायकोला ती म्हणत होती, "जरा डावीकडं हो. त्या टेम्पोचा नंबर येतोय." तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन ढिगाशी आल्या. सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी दोन फुलं उचलली, दाबून बघितली, आणि माझ्या डोक्याला उद्देशून विचारलं, "झेंडू कसा दिला?"

मी म्हणालो, "मला नाही माहीत. मी नुसता आत बसलोय."

त्या किंचाळतील, पळतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "मग बाहेर कोण बसलंय?"

मी म्हणालो, "ते फोनवर गेलेत."

"माणसं आत घालून ठेवतात आणि स्वतः फोनवर जातात," असं म्हणून त्या पुढच्या गाळ्याकडे गेल्या.

मग ताईनं झारी उचलली. पाणी खरंच घालायचंय हे मला तेव्हा कळलं. पहिली धार टाळूवर पडली, तिथून कपाळावर, कपाळावरून नाकात. झेंडूचा वास आधीच नाकात होता. मला शिंक आली. साधी शिंक नाही. आमच्या घराण्याची शिंक, जी तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाते. ढीग पुढून फुटला, फुलं वर उडाली, आणि बायकोचं बोट त्याच क्षणी बटणावर पडलं. तो फोटो आजही ताईच्या कपाटात सगळ्यांत वर आहे. माझे डोळे मिटलेले, तोंड उघडं, भोवती पिवळी फुलं हवेत, आणि शेजारी ताई पैठणीत शांतपणे पाणी घालतेय, जणू रोजचंच काम आहे.

"मिळाला!" ताई ओरडली.

मी उठणार तेवढ्यात चार हमाल क्रेट घेऊन आले आणि ढीग भरायला लागले. पाठोपाठ एक मांडववाले आले. हा ढीग त्यांनी विकत घेतला होता. आडते सांगायला विसरले होते. हमालांनी एका बाजूनं फुलं उपसली तेव्हा त्यांना आत माझं बनियन सापडलं. एक हमाल मागं सरकला. मांडववाले मात्र पुढं आले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "काका, तुम्ही वजन व्हायच्या आधी बसलात का नंतर?"

"नंतर," मी म्हणालो.

"मग ठीक आहे. उठा."

मी उठलो. बनियनवर, अर्ध्या विजारीत, डोक्यात पाणी आणि कानात पाकळ्या. आजूबाजूला एव्हाना बरीच गर्दी जमली होती. काय बोलावं सुचेना म्हणून मी सगळ्यांना हात जोडले. एवढंच. पण ते हात जोडून फुलांतून वर येणं कुणीतरी मोबाइलवर टिपलं, त्याला टाळ-घंटेचं संगीत लावलं, आणि खाली लिहिलं, "मार्केट यार्डात स्वयंभू दर्शन. पुढे पाठवा."

लोकांनी पाठवलं. संध्याकाळपर्यंत ते सोसायटीच्या ग्रुपवर आलं. सेक्रेटरींनी खाली लिहिलं, "हे बी विंगमधले आहेत. मेंटेनन्स वेळेवर देतात." मग मुलीचा ऑफिसातून फोन आला.

"बाबा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही देव कधी झालात?"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मुलीनं तिच्या ऑफिसातल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं होतं आणि त्याचे आईवडील त्या रविवारी पहिल्यांदा आमच्याकडे येणार होते. शनिवार पेठेतलं घर. वडील वीज मंडळातून निवृत्त, आई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मुलाच्या सांगण्यानुसार, त्या शाळेच्या व्हरांड्यात नुसत्या चालत आल्या तरी वर्ग गप्प होत असत.

शनिवारी आमच्या घरी बैठक झाली. बायको म्हणाली, "विषय निघाला तर म्हणायचं, तो माणूस वेगळा. ह्यांच्यासारखा दिसतो."

मुलगी म्हणाली, "आई, त्यांना खोटं कळतं. त्यांनी आयुष्यभर तेच काम केलंय." मग ती थोडं थांबली आणि ताईकडे न बघता म्हणाली, "आत्या, तू येशील ना? म्हणजे ये. फक्त..."

"फक्त झारी आणू नको," ताई म्हणाली. "मी वर झोपून राहते. आत्याला ताप आलाय म्हणून सांग."

मुलीचे डोळे भरले. "तसं नाही गं," असं म्हणत ती ताईला जाऊन बिलगली. तिला लहानपणी रंगवायला शिकवलं ते ताईनंच. तिचा पहिला हत्ती हिरवा होता आणि त्याला चाकं होती. शाळेतल्या बाईंनी त्यावर फुली मारली, तेव्हा ताई शाळेत भांडायला गेली होती. हे सगळं त्या मिठीत असावं. ताईनं तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "येते. गप्प बसते. बघच तू."

रविवारी ताई फिकट निळ्या सुती साडीत खाली आली, हात मांडीवर ठेवून कोपऱ्यात बसली, आणि एवढी सभ्य दिसायला लागली की मलाच भीती वाटली. पाहुणे आले, बरोबर मुलगाही होता. व्याही हसतमुख होते, पंख्याच्या वायरिंगकडे बघत होते. विहीणबाईंची साडी कडक इस्त्रीची, केस घट्ट बांधलेले. त्यांनी पोहे खाल्ले, "मीठ बरोबर आहे," असा शेरा दिला, आणि मग माझ्याकडे रोखून बघायला लागल्या.

"आपल्याला मी कुठंतरी बघितलंय," त्या म्हणाल्या.

"माझा चेहराच तसा आहे," मी म्हणालो. "सगळ्यांना ओळखीचा वाटतो."

"नाही. फुलांत बघितलंय."

बायकोनं चहाचा ट्रे घाईनं टेबलावर ठेवला. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात थिजली. मी खाली बघितलं. व्याही खाकरले आणि म्हणाले, "हिच्या शिक्षिकांच्या ग्रुपवर आला होता तो व्हिडिओ."

"मी हात जोडले होते," विहीणबाई म्हणाल्या. आवाजात चक्क तक्रार होती. "अंघोळ करून बसले होते, मोबाइल समोर धरला आणि मनापासून नमस्कार केला. आणि आपण इथं पोहे खाताय."

मग कोपऱ्यातून एक आवाज आला. ताई हसत होती. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती. व्याह्यांनाही हसू आलं. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ताईकडे वळून विचारलं, "पाणी घालत होत्या त्या आपणच ना?"

"मीच," ताई म्हणाली. "असे फोटो आणखी बरेच आहेत वर. बघायचेत?"

बायकोनं मला कोपर मारलं. ताईनं आजवर ते कपाट कुणासमोर उघडलं नव्हतं. पण विहीणबाई उठल्या होत्या.

वर जाऊन ताईनं कपाटाची दोन्ही दारं उघडली. विहीणबाईंनी चष्मा बदलला आणि वरच्या रांगेपासून, डावीकडून उजवीकडे, एकेक फोटो तपासायला घेतला. आम्ही सगळे मागं उभे. पेपर तपासून होईपर्यंत वर्गाबाहेर उभं राहावं तसे. पडवळाच्या टायपाशी त्या थांबल्या.

"ह्यातून काय सांगायचंय?"

"काही नाही," ताई म्हणाली. "मला असं दिसतं."

"रोज?"

"पाहुणे नसतील तेव्हा."

पलीकडच्या दारावर, सगळ्या फोटोंच्या खाली, आमचा लहानपणचा फोटो चिकटवला होता. स्टुडिओत जाऊन काढलेला, आई, वडील, ताई आणि मी. सगळे श्वास रोखून उभे. मागं रंगवलेल्या पडद्यावर तळं, तळ्यात हंस, बाजूला संगमरवरी खांब. विहीणबाईंनी त्यावर बोट ठेवलं. "हा बरा आहे. साधा."

"हा साधा?" ताई म्हणाली. "आम्ही राहायचो दोन खोल्यांत. नळाला पाणी नसायचं. आणि मागं हे हंस. स्टुडिओवाल्यानं वडिलांना दुसऱ्याचा कोट घातला होता. मी तेव्हाच आईला विचारलं, हे हंस कुणाचे? तर गप्प बस म्हणाली. त्या फोटोत एकही गोष्ट आमची नाही. तरी कुणी आम्हाला वेडं म्हटलं नाही."

विहीणबाईंनी वाकून ते हंस जवळून बघितले. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि आपण हे सगळं का करता? आपल्यालाही दिसतं का असं?"

"मला काही दिसत नाही," मी खरं ते सांगितलं. "ती बस म्हणते, मी बसतो."

ताई कपाट लावता लावता म्हणाली, "कॉलेजात माझ्या हाताखाली किती मुलं शिकली. कुणालाही म्हटलं, इथं बस, की आधी विचारतात, याचा अर्थ काय. हा एकटाच विचारत नाही. लहानपणी मी याला टेबलाखाली बसवून म्हणायचे, तू कासव आहेस. हा जेवायची वेळ होईपर्यंत कासव असायचा."

मला ते आठवत नव्हतं. पण बायको माझ्याकडे ज्या नजरेनं बघायला लागली त्यावरून तिला ते पटल्यासारखं दिसलं. मी पाणी प्यायला खाली गेलो.

लग्न ठरलं. त्यात फोटोंची अडचण आली नाही. जाताना विहीणबाई जिन्यात थांबल्या आणि ताईला म्हणाल्या, "माझा काढाल का एखादा?"

"काढीन की," ताई म्हणाली. "तुम्हाला सगळ्यांत जास्त काय आवडतं?"

विहीणबाईंनी खाली, वर बघितलं. मागं व्याही होते, मुलगा होता. "झोपायला," त्या म्हणाल्या.

ताईनं महिनाभर तयारी केली. थंडीतल्या एका सकाळी आमच्या गच्चीवर लोखंडी खाट टाकली, तिच्यावर पांढरी चादर, पांढरी उशी. वरच्या कपडे वाळत घालायच्या तारांना जुन्या बाजारातून आणलेली गजराची घड्याळं टांगली, आंब्यासारखी, कमीजास्त उंचीवर. सगळी बंद पडलेली. विहीणबाई पूर्ण इस्त्रीच्या साडीत, पायात चपला घालून, हातात शाळेची घंटा धरून आडव्या झाल्या. ताई खाटेच्या पायथ्याशी पाठमोरी बसली. मी यावेळी फोटोत नव्हतो. तारा हलू नयेत म्हणून कोपऱ्यात बांबू धरून उभा होतो.

"डोळे उघडे ठेवा," ताईनं मान न वळवता सांगितलं.

बायकोनं दोनतीन फोटो घेतले. मग ती मोबाइल खाली करून म्हणाली, "ताई, त्यांनी मिटले."

ताई वळली. विहीणबाईंचे डोळे मिटलेले होते आणि तोंड किंचित उघडलं होतं. घंटेवरची मूठ सैल झाली होती. व्याही पुढं येऊन वाकून बघायला लागले.

"लागली," ते कुजबुजले. त्यांचा विश्वास बसत नव्हता. "अहो, घरी पलीकडच्या खोलीत पान उलटलं तरी जागी होते ही. शाळा सोडून इतकी वर्षं झाली, तरी पहाटे दचकून उठते, प्रार्थनेची वेळ झाली म्हणून."

"आता?" बायकोनं विचारलं.

"आता काही नाही," ताई म्हणाली. "बसा."

मग आम्ही सगळे गच्चीवर बसलो. मुलगी आणि होणारा जावई टाकीच्या सावलीत, व्याही कठड्यापाशी, बायको उलट्या बादलीवर. मी बांबू सोडला नाही, न जाणो एखादं घड्याळ खाली पडायचं. खालून भंगारवाल्याची हाक आली तेव्हा व्याही कठड्यावरून वाकले आणि त्याला दोन्ही हातांनी गप्प राहायची खूण केली. त्यानं वर बघितलं, हवेत लटकलेली घड्याळं बघितली, आणि खरंच गाडी ढकलत मुकाट्यानं पुढं निघून गेला. ऊन खाटेवर आलं तशी ताई उठली आणि तिच्या पदराची सावली विहीणबाईंच्या चेहऱ्यावर पडेल अशी उभी राहिली. बराच वेळ उभी होती. गुडघे दुखत असणार, पण ती हलली नाही.

शेवटी विहीणबाईंनी डोळे उघडले. आधी घड्याळं बघितली, मग आम्हाला.

"झाला का फोटो?"

"मघाशीच झाला," ताई म्हणाली.

"मग उठवलं का नाहीत?"

ताईनं त्यांचा चष्मा पुढं केला. त्या उठून बसल्या, चष्मा लावला, घंटा व्याह्यांच्या हातात दिली. खाटेवरून उतरून त्यांनी चादर झटकली, दुसरं टोक धरायला माझ्या बायकोला खुणावलं, आणि दोघींनी मिळून तिची कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातली. ती घडी ताईच्या हातात देत त्या म्हणाल्या, "उशी जरा उंच होती. आणि हे बघा, दर रविवारी मी मोकळीच असते."